सगळे मागे बघत असताना: स्कॉट वॉकरचा ‘टिल्ट’

मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? बरं. टेबलावर टर्नटेबल दिसतंय म्हणून काहींना वाटलं असेल की आज गाणी जास्त आणि भाषण कमी. तसं होणार नाही. आज आपण एकाच रेकॉर्डबद्दल बोलणार आहोत, आणि ती मागे मंद लावून गप्पा मारता येतील अशी नाही. आम्ही घरी एकदा तसा प्रयत्न केला होता, चहाला पाहुणे आलेले असताना. दुसऱ्याच गाण्याला पाहुण्यांनी कप खाली ठेवले.

रेकॉर्ड आहे स्कॉट वॉकरची ‘टिल्ट’. साल 1995, महिना मे. हा महिना जरा डोळ्यांपुढे आणा. ब्रिटनमध्ये ब्रिटपॉपची लाट ऐन भरात आहे. याच महिन्यात पल्पचं ‘कॉमन पीपल’ बाजारात आलं, सुपरग्रासचा पहिला अल्बम आला, आणि पॉल वेलरचा ‘स्टॅनले रोड’ आला. पुढे ऑगस्टमध्ये ब्लर आणि ओएसिस यांची एकाच दिवशी सिंगल काढण्याची ती गाजलेली झुंज होणार आहे. या सगळ्यांत एक समान धागा होता: 1960चं दशक. कोणी किंक्सकडे बघत होतं, कोणी बीटल्सकडे. वेलरच्या अल्बमचं मुखपृष्ठ तर पीटर ब्लेक यांनी केलं होतं, म्हणजे ‘सार्जंट पेपर’चं ज्यांनी केलं तेच. आम्हाला ‘स्टॅनले रोड’ आवडतो, गैरसमज नको. पण तो माणूस आपल्या बालपणाच्या रस्त्याला परत जातोय, आणि त्या काळी बहुतेक सगळे कुठे ना कुठे परतच जात होते.

आणि नेमका त्या वेळी, खरोखरच 1960च्या दशकातून आलेला एक माणूस अकरा वर्षांनी अल्बम काढतो. त्यात 1960चं दशक औषधालाही सापडत नाही.

हा माणूस कोण, हे थोडक्यात सांगतो. मूळ नाव नोएल स्कॉट एन्गेल, जन्म 1943, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. 1965मध्ये वॉकर ब्रदर्स नावाच्या त्रिकुटाबरोबर लंडनला आला. त्या तिघांत कोणी कोणाचा भाऊ नव्हता, कोणाचं आडनावही वॉकर नव्हतं. आवाज असा मखमली, खोल, की दोन गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली आणि कार्यक्रमांत मुली अक्षरशः मंचावर चढायच्या. मग तो एकटा गायला लागला. 1967 ते 1969 या काळात ‘स्कॉट’ नावाचे एकापाठोपाठ चार अल्बम. भलामोठा वाद्यवृंद, जाक ब्रेलची गाणी, आणि हळूहळू स्वतःची. दुसरा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. चौथ्यात सगळी गाणी स्वतःची होती आणि तो पडला. त्यानंतर जवळजवळ सगळं 1970चं दशक दुसऱ्यांची गाणी गाण्यात गेलं. त्या अल्बमबद्दल तो स्वतःही पुढे फारसं बरं बोलला नाही. 1978मध्ये वॉकर ब्रदर्सच्या शेवटच्या अल्बममध्ये त्याने स्वतःची चार गाणी घातली. त्यातलं एक छळ करणाऱ्या माणसाबद्दल आहे. तिथे दार किलकिलं झालं. मग 1984चा ‘क्लायमेट ऑफ हंटर’, आणि त्यानंतर थेट ‘टिल्ट’.

आता मजा बघा. मधल्या काळात त्याची कीर्ती वाढतच होती, पण ती जुन्या गाण्यांची. ज्युलियन कोपने 1981मध्ये त्याच्या जुन्या गाण्यांचं संकलन काढलं. डेव्हिड बोईने 1993मध्ये त्याचं गाणं गायलं. जार्व्हिस कॉकर, डिव्हाइन कॉमेडीचा नील हॅनन, ही सगळी मंडळी त्या वाद्यवृंदी स्कॉटची भक्त. म्हणजे 1995मध्ये त्याने जुन्या चालीचा एक अल्बम काढला असता, व्हायोलिनांची गादी आणि वर तो मखमली आवाज, तर लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. सगळा बाजार तयार होता. आज आम्हाला खरं बोलायचंय ते याबद्दल. आपल्याला जे येतं, ज्यासाठी लोक आपल्याला ओळखतात, ते बाजूला ठेवून केलेलं काम चांगलं आहे म्हणूनच चांगलं म्हणायचं, की नुसत्या त्यागाचे गुण द्यायचे? या अल्बमवर लिहिणारे बहुतेक लोक त्यागाचे गुण देतात. ते आम्हाला पटत नाही. कठीण आहे म्हणजे थोर आहे, हा फार आळशी निकष झाला.

तर ऐकूया. पहिलं गाणं, ‘फार्मर इन द सिटी’.

(इथे गाण्याचा सुरुवातीचा भाग ऐकवला.)

हे गाणं सगळ्यात सोपं आहे, आणि तरी बघा काय केलंय. व्हायोलिनं आहेत, पण गादी नाही. ती एका जागी उभी राहतात, मग पायाखालची जमीन हळूच सरकवतात. शीर्षकाखाली पासोलिनीच्या स्मरणार्थ असा उल्लेख आहे. पिएर पाओलो पासोलिनी, इटालियन कवी आणि चित्रपट दिग्दर्शक, 2 नोव्हेंबर 1975च्या पहाटे ऑस्तियाजवळ त्यांचा खून झाला. सुरुवातीला एक आकडा पुन्हा पुन्हा येतो, लिलाव पुकारणारा बोली वाढवतो तशा सुरात. विकलं काय जातंय, हे शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. आणि आवाज? तोच माणूस, पण खालची मखमल सोडून दिलीय. नैसर्गिक पट्टीच्या वर, जिथे गळ्याला ताण पडतो तिथे तो गातो. आपल्याकडे एखादा गवई मुद्दाम काळी चार लावून बसला तर लोक विचारतील, बुवा, आज काय झालं? इथे तो ताण हवाच होता. मूळचा आवाज इतका देखणा की कोणताही शब्द त्यात सुंदर वाटायचा. खुनाबद्दल गाताना ते सौंदर्य खोटं ठरलं असतं. हा त्याग नव्हे, ही गरज होती. याचे गुण आम्ही पूर्ण देतो.

दुसरं गाणं ‘द कॉकफायटर’. इथे जरा सावध करतो. सुरुवात इतकी हळू आहे की तुम्ही आवाज वाढवायला उठाल. वाढवू नका.

(इथे ध्वनिमुद्रण ऐकवलं. सभागृहात हशा.)

हसलात, म्हणजे दचकलात. कुजबुज, मग एकदम कारखाना अंगावर यावा तसा ठोका. इथे रेकॉर्ड आणि सीडी यांचा प्रश्न येतो, आणि आम्ही थोडं उलटं बोलणार आहोत. रेकॉर्डप्रेमी मंडळी, रागावू नका. तबकडीवर एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं असली की आवाज उत्तम राहतो. लांबी वाढली की खाचा जवळजवळ कोराव्या लागतात, आवाजाची पातळी उतरते आणि मागची खरखर वर येते. ‘टिल्ट’ सत्तावन्न मिनिटांच्या घरातला अल्बम आहे, म्हणजे तबकडीसाठी आधीच अवघड जात. त्यात याचं अर्धं संगीत म्हणजे शांतता. त्या कुजबुजीच्या वेळी सुईखालची खरखर ऐकू येते, आणि ती खरखर दिलासा देते! आपण घरात आहोत, यंत्र चालू आहे, सगळं ठीक आहे. सीडीवर तो दिलासा नाही, तिथे नुसता काळोख. म्हणून आमचं मत असं की ‘फार्मर’ रेकॉर्डवर ऐका, कारण व्हायोलिनं तिथे मोठ्या खोलीत असल्यासारखी वाटतात, आणि ‘कॉकफायटर’ सीडीवर. रेकॉर्ड म्हटली की सगळंच ‘उबदार’ होतं असं जे बोललं जातं, त्यावर एवढंच म्हणू की या संगीताला ऊब नकोच आहे.

आता याच गाण्याबद्दल एक अडचण. त्यातले शब्द दोन खटल्यांमधून उचलून एकमेकांत मिसळले आहेत: 1820मध्ये ब्रिटिश संसदेत राणी कॅरोलाइनवर व्यभिचाराच्या आरोपावरून चाललेली चौकशी, आणि 1961मध्ये जेरुसलेममध्ये चाललेला आइशमनचा खटला. एका बाजूला राजघराण्याची भानगड, दुसऱ्या बाजूला लाखो माणसांची हत्या. हे शेजारी ठेवायचं? आम्ही यावर बराच काळ अडून बसलो होतो. अजूनही पूर्ण समाधान नाही. बाजूने एवढं म्हणता येतं: ऐकताना दोन गुन्ह्यांची तुलना होत नाही, ऐकू येते ती फक्त चौकशीची भाषा. कोण कुठे झोपलं, कोणी काय पाहिलं, किती वाजता. ती भाषा दोन्हीकडे सारखीच कोरडी आहे, आणि अंगावर काटा येतो तो त्या सारखेपणाने. विरोधात असं, की सोबतची माहिती वाचली नसती तर आम्हाला यातलं काहीही कळलं नसतं. मग अर्थ गाण्यात आहे की छापील ओळीत? ज्या कलाकृतीला इतक्या मोठ्या दुःखाचा आधार घ्यायचाय, तिने निदान कुठेतरी त्या माणसांकडे बघायला हवं. ‘फार्मर’ बघतं. ‘कॉकफायटर’ बघत नाही, ते थक्क करतं आणि निघून जातं.

एक हात वर आलाय. हं, बोला. (श्रोत्याचा प्रश्न: शब्द कळत नसतील तर ऐकणाऱ्याने काय करायचं?)

चांगला विचारलात. आपण ख्याल ऐकतो तेव्हा बंदिशीचे शब्द किती जणांना धड कळतात? दोन ओळी असतात, त्याही तानेत विरघळतात. तरी राग कळतो. आपल्या कानाला ही सवय आहे, म्हणून आम्हाला उलट वाटतं की मराठी श्रोत्याला हा अल्बम वाटतो तितका परका नाही. फरक एवढाच की ख्यालात शब्द विरघळतात, इथे ते खड्यासारखे दाताखाली येतात. वॉकर शब्द आधी लिहायचा, संगीत नंतर. म्हणून गाण्यांना ध्रुवपद-अंतरा असा साचा नाही. ओळ थांबली की वाद्यंही थांबतात, पुढची ओळ येईपर्यंत वाट बघतात.

बाकीच्या गाण्यांवर भराभर जातो. ‘बाउन्सर सी बाउन्सर’ जवळजवळ नऊ मिनिटांचं आहे. एकच दणका चालू, भोवती किड्यांसारखी सळसळ, आणि मध्येच अचानक आकाश उघडतं, काही क्षण जुना स्कॉट दिसतो, सुरेल, भरभरून. मग परत दणका. ते काही क्षण म्हणजे आमच्या मते अल्बमचं हृदय. याला जुनं गाता येत नव्हतं असं नाही, हे तिथे सिद्ध होतं. ‘मॅनहॅटन’मध्ये चर्चचा ऑर्गन आहे, छातीत घुमणारा. ‘बोलिव्हिया 95’ आणि ‘पेट्रियट’ मात्र लांबले आहेत. ‘पेट्रियट’ साडेआठ मिनिटं चालतं आणि कल्पना पाच मिनिटांची आहे. भक्त मंडळी हे मान्य करत नाहीत. तबकडीवर ऐकताना याच भागात आमचा हात सुईकडे जातो.

पुढची गोष्ट अनेकांना माहीत असेल, तरी सांगतो कारण आम्हाला ती फार आवडते. 2001मध्ये पल्पच्या ‘वी लव्ह लाइफ’ या अल्बमचा निर्माता म्हणून स्वतः वॉकर आला. त्यात एक गाणं आहे, निकृष्ट नकलांची यादी देणारं. त्या यादीत वॉकरच्याच 1970च्या एका अल्बमची दुसरी बाजू आहे, जिच्यात दुसऱ्यांची बरीच गाणी होती. जार्व्हिसने ती ओळ वॉकर येण्याआधीच लिहून ठेवली होती. आता समोर गुरू बसलेत आणि गायचं तर आहे! ओळ तशीच राहिली. वॉकरने स्वतःच्या फसलेल्या अल्बमबद्दलची चेष्टा स्वतःच्या देखरेखीखाली ध्वनिमुद्रित होऊ दिली. ब्रिटपॉपने ज्या जुन्या वॉकरची पूजा केली, त्याच्याकडे खुद्द वॉकर किती त्रयस्थपणे बघत होता, हे यातून कळतं.

शेवटचं गाणं राहिलं, ‘रोझरी’. इथे वाद्यवृंद नाही, ऑर्गन नाही, दणके नाहीत. एक गिटार आणि तो. तीन मिनिटांपेक्षा कमी. त्याच वर्षी जूल्स हॉलंडच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याने हेच गाणं एकट्याने गायलं. इतक्या वर्षांनी लोकांसमोर यायचं आणि गायचं काय, तर सगळ्यात उघडंवाघडं गाणं! गिटार वाजवताना तो बिचकत बिचकत तारा छेडतो, जणू शिकाऊ आहे, आणि मध्ये इतके थांबे घेतो की आता उठून जाणार असं वाटतं. हे गाणं ऐकून आम्हाला भीती वाटत नाही, कीव येत नाही, नेमकं काय वाटतं ते अजून सापडलेलं नाही. आता ते लावतो. पंखे जरा बंद करता का? आणि हो, मध्ये खरखर येईल, आमची प्रत बरीच वाजलेली आहे.