आकस्मिक गतीची क्रियापदे आणि अनुवादाचे मराठी

इंग्रजी कथनात्मक गद्याचे मराठी अनुवाद वाचताना एक उणीव वारंवार जाणवते. मुळातील पात्रे उसळतात, झोकांड्या खातात, सावजावर झेपावतात. अनुवादात ती केवळ 'वेगाने जातात'. या निःसत्त्वतेचे खापर बहुधा मराठीच्या शब्दसंपत्तीवर फोडले जाते. हा आरोप कितपत टिकतो, हे पाहिले पाहिजे.

लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ च्या आपल्या निबंधात गतीचे घटक भाषा कोणत्या पदांवर सोपवते, याची मांडणी केली. इंग्रजीत गतीची रीत धातूतच सामावते आणि मार्ग 'अंडर', 'आउट' अशा पदांकडे जातो. स्पॅनिशमध्ये मार्ग धातूत येतो आणि रीत वगळली तरी वाक्य अडत नाही. इंग्रजी कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये जाताना रीतीचा बराच अंश गळतो, असे डॅन स्लोबिन यांनी पुढे दाखवले. 'शिरणे', 'निघणे', 'चढणे', 'उतरणे' हे धातू पाहता मराठीही स्पॅनिशच्याच पंक्तीत बसेलसे वाटते. परंतु मराठीजवळ 'कन' व 'दिशी' प्रत्ययान्त अनुकरणवाचकांचे भांडार आहे. 'द कॅट डार्टेड अंडर द बेड' या वाक्याचे 'मांजर सुर्रकन पलंगाखाली शिरले' असे रूपांतर केल्यास काय गळते? काहीच नाही. गळते ते 'त्वरेने' लिहिल्यावर. आणि ते लिहिले जाते, कारण 'सुर्रकन' हा शब्द बालगोष्टीतला, अशिष्ट, असा शिष्ट गद्याचा समज आहे. उणीव शब्दकोशाची नसून या सोवळेपणाची आहे.

अर्थच्छटांचा प्रश्न याहून नाजूक आहे. 'डार्ट' आणि 'बोल्ट' ही क्रियापदे फेकायच्या शस्त्रांच्या नावांवरून आली, 'पाउन्स' शिकारी पक्ष्याच्या नखीवरून, 'लंज' तलवारबाजीतून, 'लर्च' कलत्या जहाजावरून. मूळ प्रतिमा पुसट झाल्या, तरी त्यांनी आखलेले भेद उरले आहेत. 'लंज'मध्ये हेतू आहे, 'लर्च'मध्ये तोल सुटलेला आहे. 'एकदम पुढे जाणे' एवढ्यावर भागवले, की हा भेद बुजतो. मराठी तो सहायक क्रियापदांतून राखते: झेप घेणे, झडप घालणे, मुसंडी मारणे ही कर्त्याची कृती, झोकांडी खाणे, गचका बसणे हे त्याचे भोगणे. (नियम काटेकोर नाही, निर्हेतुक लाटही उसळी घेतेच.) आकस्मिकता स्वतंत्र शब्दाने सांगण्याची ही सवय मराठी विद्यार्थ्याच्या इंग्रजीतही उतरते आणि तो 'डार्टेड'च्या मागे 'सडनली' जोडतो. तिथे ते पद अनावश्यक असते, कारण क्रियापदाने ते आधीच सांगितलेले असते.

खरी अडचण पदक्रमाची आहे आणि तिच्याकडे अनुवादचर्चेत क्वचितच लक्ष जाते. 'ही लंज्ड ॲट द गार्ड' या वाक्यात हालचाल आधी घडते, लक्ष्य मागून दिसते. 'त्याने पहारेकऱ्यावर झेप घेतली' या वाक्यात पहारेकरी आधीच उभा असतो आणि धक्का शेवटच्या पदापर्यंत लांबतो. अनुकरणवाचक मात्र वाक्यात कुठेही बसू शकते. 'झटकन त्याने पहारेकऱ्यावर झेप घेतली' असे म्हणताच धक्का पुन्हा वाक्याच्या तोंडाशी येतो. 'सुर्रकन'सारख्या शब्दांना गद्यात मज्जाव करणारा अनुवादक छटेबरोबर हा क्रमही गमावतो.