तारांकन आणि निवाडा : 'किल्ला'च्या निमित्ताने

श्रेणी लावणे आणि मूल्यमापन करणे या भिन्न क्रिया आहेत, हे साहित्यसमीक्षेने फार पूर्वी मान्य केले आहे. कवितासंग्रहाला पाचपैकी साडेतीन तारे देण्याची कल्पना कोणाही गंभीर समीक्षकाला हास्यास्पद वाटेल. चित्रपटाच्या बाबतीत मात्र वृत्तपत्रांतून ती रूढ झाली आहे, आणि तिचा जाच लहान, स्वतंत्रपणे निर्माण झालेल्या चित्रपटाला अधिक होतो. राज्य शासनाची अनुदान योजनाही 'अ' आणि 'ब' असे दर्जे ठरवते; पण तेथे पैसा वाटायचा असल्याने कसले तरी मोजमाप अपरिहार्यच आहे. समीक्षेवर अशी सक्ती नाही.

रा. भा. पाटणकरांनी मराठीत विस्ताराने चर्चिलेला कांटचा विचार येथे उपयोगी पडतो. सौंदर्यविधान 'ही' वस्तू सुंदर आहे असे सांगते. नियमाचा आधार न घेता ते सर्वांच्या संमतीची अपेक्षा बाळगते. तारांकन 'ही' वस्तू बाजूला सारून तिला रांगेत उभी करते.

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' २०१४ मध्ये बर्लिन महोत्सवात बालपरीक्षकांच्या पुरस्काराने गौरवला गेला आणि २६ जून २०१५ रोजी चित्रगृहांत आला. त्याच्या वाट्याला उपेक्षा आली नाही. आली ती स्तुती, विशेषतः छायाचित्रणाची. अडचण येथेच आहे. कथा, अभिनय, छायाचित्रण असे घटक सुटे करून त्यांची बेरीज करणाऱ्या पद्धतीत पाऊस हा देखणेपणाच्या खात्यावर जमा होतो. वास्तविक वडील गमावलेल्या, आईच्या बदलीमुळे पुण्याहून गुहागरला आलेल्या चिन्मयचे एकटेपण पावसातच घडते. मित्र निघून गेलेले, आणि तो भग्न किल्ल्यात एकटा : या दृश्यात स्पष्टीकरण देणारा संवाद नाही. हा प्रसंग किती लांबेल हे अंधाऱ्या चित्रगृहातील प्रेक्षकाला ठाऊक नसते, आणि तो थांबवणे त्याच्या हाती नसते. तो कालावधी हाच आशय आहे.

रायगडच्या किनाऱ्यावरील प्रेक्षक हे दृश्य कसे वाचील? अलिबागहून कुलाबा किल्ल्यात पायी जायचे तर ओहोटीची वेळ पाहावी लागते. परतायला उशीर झाला की पाणी वाट अडवते. नयनरम्यतेपेक्षा अडकून पडण्याची शक्यता त्याला आधी जाणवेल. ही ओळख म्हणजे अधिकार नव्हे. गुहागरचा रहिवासी रस्ता चुकीचा दाखवल्याची तक्रारही करील, आणि तिचा कलाकृतीशी संबंध नसेल. परंतु असा प्रेक्षक जे कारण पुढे ठेवतो ते कृतीत पडताळता येते. ताऱ्याला कारणच नसते.

हा प्रेक्षक निवाड्यात सहभागी होतच नाही, कारण ताऱ्यांचा निकाल पहिल्या रविवारपूर्वी लागतो. लहान चित्रपट पहिल्या आठवड्यात पाहायचा तर त्याला बहुधा पनवेल वा मुंबई गाठावी लागते. 'किल्ला' तर ऐन पावसाळ्यात आला, जेव्हा गेटवे-मांडवा लाँच बंद असतात. मांडव्याची रो-रो सेवा २०२० मधली. एप्रिल २०१५ मध्ये बहुपडदा चित्रगृहांत मराठी चित्रपटांना मोक्याची वेळ देण्याचा निर्णय झाला. त्याने खेळाची वेळ बदलेल. मत तयार होण्यास लागणारे आठवडे त्यातून मिळत नाहीत.

'किल्ला' निर्दोष आहे असे नाही. आईच्या कार्यालयातील ताणाचे उपकथानक पातळ आहे. मुलाच्या जगाला लाभलेला संथ काळ त्याला मिळालेला नाही, त्यामुळे शेवटची बदली तिच्या बाजूने केवळ सूचना म्हणून उरते. पाच ताऱ्यांतून वजा झालेला दीड तारा या जागेबद्दल आहे की चित्रपटाच्या संथपणाबद्दल, हे वाचकाला कळत नाही.