वडिलार्जित शस्त्राचा जीर्णोद्धार

जुनी वस्तु दुरुस्त करणें आणि जुनी वस्तु नवी करणें या दोन क्रिया वरवर पाहतां सारख्याच दिसतात. परंतु पहिलीनें वस्तूचें आयुष्य वाढतें व दुसरीनें तें संपतें, असें आमचें मत झालें आहे. हें मत केवळ ग्रंथवाचनानें बनलेलें नाहीं. त्याला एक घरगुती, आणि आम्हांस थोडेसें लाजविणारें कारण घडलें. तें आधींच सांगून टाकतों. म्हणजे पुढील विवेचन आम्ही न्यायासनावरून करीत नसून आरोपीच्या पिंजऱ्यांतून करीत आहों, हें वाचकांच्या ध्यानांत राहील.

आमच्या घरीं पणजोबांपासून चालत आलेली एक दुनळी बंदूक आहे. ती बर्मिंगहॅमची. तिच्या नळ्या 'दमास्कस' पद्धतीच्या; म्हणजे लोखंडाच्या व पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या सळईभोंवतीं गुंडाळून, तापवून व ठोकून एकजीव केलेल्या. अशा नळीवर पाण्याच्या लाटांसारखी जी वेलबुट्टी दिसते ती वरून कोरलेली नसते. धातूच्या घडणींतच ती असते आणि कारागीर आम्लाच्या व नियंत्रित गंजाच्या साहाय्यानें ती डोळ्यांना दिसेल अशी करतो. दस्ता अक्रोडाचा. नेम धरतांना जेथें गाल टेकतो व जेथें मूठ आवळली जाते, तेथें तीन पिढ्यांच्या घामानें व तेलानें लांकूड काळसर आणि मऊ झालें होतें. दरवर्षी खंडेनवमीला आमचे वडील स्वतः जुन्या फलालीच्या तुकड्यानें तिला तेल लावीत, आणि मग ती झेंडूच्या फुलांसह पाटावर मांडली जाई. ती शेवटची केव्हां उडाली हें घरांत कोणालाच नक्की ठाऊक नव्हतें.

वडिलांना ऐंशी वर्षें पूर्ण झालीं तेव्हां त्यांना आनंद व्हावा म्हणून आम्हीं ती बंदूक एका परवानाधारक कारागिराकडे दिली. कारागिराचा यांत कांहीं दोष नाहीं. "अगदीं नव्यासारखी करा," असें आम्हींच त्याला सांगितलें होतें, आणि त्यानें शब्द पाळला. नळ्या आरशासारख्या चकचकीत झाल्या. त्यांवरील लाटा नाहींशा झाल्या. दस्ता घांसून, पुसून, रोगण चढवून परत आला. वडिलांनीं ती मांडीवर घेतली. त्यांची दृष्टि अधू झाली होती. त्यांचा अंगठा मुठीच्या जागेवर एकदोनदां मागें-पुढें फिरला. "छान झाली. ठेवून दे," एवढेंच ते म्हणाले. पुढल्या खंडेनवमीला त्यांनीं तेलाचा फडका मागितला नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, आमच्या हातून नेमकें काय नाहींसें झालें? बंदूक तीच, तिचा क्रमांक तोच, तिची किंमत बाजारांत कमी झाली असेल, पण तो विचार घरांत कोणाच्या मनांत नव्हता. तरी कांहीं तरी गेलें खरें. या प्रश्नाचा उलगडा करण्याच्या कामीं आम्हांस दोन कलाकृतींचा उपयोग झाला. दोहोंतही वारशानें आलेलें वा स्मृतीसाठीं जपलेलें शस्त्र कथेच्या केंद्रस्थानीं आहे.

पहिली होमरची 'ओडिसी'. तिच्या एकविसाव्या सर्गांत जें धनुष्य येतें तें ओडिस्यूसला मित्रानें दिलेलें आहे. इफिटस या तरुणाला तें त्याच्या पित्याकडून, युरिटसकडून, मिळालें होतें. त्यानें तें ओडिस्यूसला दिलें व ओडिस्यूसनें बदल्यांत तलवार आणि भाला दिला. पुढें दोघांना एका पंक्तीस बसण्याचाही योग आला नाहीं. इफिटस मारला गेला. म्हणून ओडिस्यूस तें धनुष्य युद्धावर नेत नसे. मित्राची आठवण म्हणून तें घरींच ठेवी. ट्रॉयचें एवढें युद्ध झालें, पण हें धनुष्य इथाकाच्या कोठारांत खुंटीला टांगलेलेंच राहिलें. पेनेलोपी तें काढावयास जाते तेव्हां प्रथम तें मांडीवर ठेवून रडते. शस्त्राच्या भावनिक मूल्याचें याहून जुनें व याहून स्वच्छ चित्र आम्हांस ठाऊक नाहीं.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें खरी मौज पुढेंच आहे. पेनेलोपीच्या पाणिग्रहणाच्या आशेनें आलेले ते उद्दाम तरुण धनुष्याला दोरी चढवूं पाहतात. तें वांकत नाहीं. तेव्हां अँटिनोअस विस्तव पेटवावयास सांगतो, चरबीचा मोठा गोळा आणवितो, आणि ते सर्वजण धनुष्य शेकून, चोपडून मऊ करूं लागतात. जीर्णोद्धाराचा हा एक प्रयोगच म्हणावयाचा! तो अर्थात् फसतो. नंतर भिकाऱ्याच्या वेषांतला ओडिस्यूस तें हातीं घेतो. तो काय करतो? तो शेकीत नाहीं, चोपडीत नाहीं. तो तें सर्व बाजूंनीं फिरवून पाहतो. धनी परदेशीं असतां कीड्यानें त्याचीं शिंगें पोखरलीं तर नाहींत ना, एवढेंच तपासतो. मग एखाद्या गवयानें वाद्याला तार चढवावी तितक्या सहजतेनें तो दोरी चढवितो. त्या तरुणांना धनुष्य वापरावयाचें होतें. ओडिस्यूसला तें ओळखावयाचें होतें. आम्हीं आपल्या बंदुकीच्या बाबतींत अँटिनोअसचा मार्ग पत्करला, हें आतां निराळें सांगावयास नको.

दुसरी कृति इब्सेनचें १८९० सालीं प्रसिद्ध झालेलें 'हेडा गाब्लर' हें नाटक. नायिकेचें लग्न झालेलें आहे, तरी नाटकाला नांव तिच्या माहेरचें आहे. कारण ती नवऱ्याची बायको असण्यापेक्षां बापाची मुलगीच अधिक आहे. बाप सेनापति होता. त्याची तसबीर आंतल्या खोलींत टांगली आहे आणि त्याच्या पिस्तुलांची जोडी हेडाजवळ आहे. हीं पिस्तुलें गंजलेलीं नाहींत. हेडा तीं भरून सज्ज ठेवते. करमणूक म्हणून उडवितेही. दुसऱ्या अंकाच्या प्रारंभींच बागेतून येणाऱ्या न्यायाधीश ब्रॅकच्या रोखानें ती गोळी झाडते. म्हणजे जीर्णोद्धाराची आवश्यकता नसलेला, पूर्ण कार्यक्षम असा हा वारसा आहे. आणि त्याचें फळ काय? एक पिस्तूल ती लोव्हबोर्गला देते व सुंदर मरणाची अपेक्षा करते. त्याला मरण येतें तें ओंगळ रीतीनें, पोटांत गोळी लागून. दुसऱ्यानें ती स्वतःचा अंत करते.

या दोन कृति शेजारीं ठेवल्या म्हणजे एक सूक्ष्म साम्य आणि एक मोठा विरोध दिसतो. दोहोंतही शस्त्र ओळखलें जाण्याला महत्त्व आहे. होमरच्या काव्यांत धनुष्यामुळें धनी ओळखला जातो व घर त्याला परत मिळतें. इब्सेनच्या नाटकांत लोव्हबोर्गजवळचें पिस्तूल ब्रॅक ओळखतो, आणि त्या एका ओळखीच्या बळावर हेडा त्याच्या मुठींत सांपडते. एकच घटना, एकीकडे मुक्ति, दुसरीकडे पाश. हा फरक शस्त्रांत नाहीं. ओडिस्यूसच्या धनुष्यामागें मैत्रीची एक कथा आहे व ती त्याला ठाऊक आहे; हेडाच्या पिस्तुलांमागें बापाचा दर्जा आहे, पण त्या दर्जाला तिच्या आयुष्यांत कांहीं काम उरलेलें नाहीं. वस्तु सुस्थितींत आहे आणि अर्थ गेलेला आहे, अशी ही अवस्था. वारसा जपणें म्हणजे यंत्र चालू ठेवणें नव्हे, हें इब्सेननें एकाही उपदेशपर वाक्याशिवाय दाखवून दिलें आहे.

आपल्याकडे याचें तिसरें टोक सांपडतें. वाल्मीकीच्या बालकांडांतील शिवधनुष्य जनकाचा पूर्वज देवरात याजकडे ठेव म्हणून आलेलें होतें. जनकाच्या घरीं त्याची धूप-गंधानें पूजा होई. आठ चाकांच्या लोखंडी पेटींतून तें पांच हजार माणसांनीं ओढून आणावें लागलें. रामानें तें उचललें, वांकविलें, आणि तें मोडलें. पुजलेलें शस्त्र पुन्हां हातीं घेतलें तर तें मोडूं शकतें, ही जोखीम त्या कथेनें लपविलेली नाहीं. आमच्या बंदुकीलाही ही गोष्ट अक्षरशः लागू आहे. दमास्कस नळ्या जुन्या काळ्या दारूसाठीं घडविलेल्या असत. आजच्या निर्धूम दारूच्या काडतुसाचा दाब त्यांना सोसेलच असें नाहीं. "पुन्हां उडेल अशी करूं या" असें म्हणणाऱ्या हौशी वारसाची बोटें त्या हौसेंत जाऊं शकतात.

मग करावें काय? गंज चढूं द्यावा काय? रस्किननें १८४९ सालीं वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथांत, जीर्णोद्धार या नांवाखालीं जें चालतें तो इमारतीचा संपूर्ण विनाशच होय, असा अभिप्राय दिला. त्याचा संताप आम्हांस समजतो. पण त्याचें म्हणणें जसेंच्या तसें स्वीकारतां येत नाहीं. गंज म्हणजे स्मृति नव्हे. नळींत चालून राहिलेला गंज आणि दस्त्याला लागलेली कीड हीं उद्यां वस्तूच ठेवणार नाहींत, आणि दुर्लक्षाला आदराचें नांव देणें हा आळशाचा युक्तिवाद आहे. खरा मार्ग आम्हांस एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत सांपडला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली व १९६६ सालीं मूळ पर्वें पूर्ण केलीं. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं १९२५ पासून तिचें प्रमुख संपादकत्व केलें आणि कामाची शिस्त घालून दिली. त्या आवृत्तींत, जो पाठ संपादकांस निःसंशय वाटला नाहीं त्याखालीं नागमोडी रेघ आहे. आणि गाळलेले श्लोक फेंकून न देतां टीपांत व परिशिष्टांत ठेवलेले आहेत. म्हणजे संपादक आपला हात लपवीत नाहीं. कोठें जुनें संपलें व कोठें आपला तर्क सुरू झाला, हें तो वाचकाला दाखवितो. १९६४ च्या व्हेनिस सनदेनें प्राचीन वास्तूंच्या दुरुस्तीसंबंधीं हेंच सांगितलें आहे: नवा भाग एकंदर रूपाशीं जुळावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखूं यावा.

हीच शिस्त घरगुती शस्त्राला लावावी. वाढता गंज तेलानें व हलक्या हातानें थांबवावा; चकाकी आणूं नये. लांकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा; कानसेनें व वाळूच्या कागदानें त्याला स्पर्श करूं नये. मोडका भाग बदललाच तर जुना तुकडा जपून ठेवावा. नळीवरील परीक्षेचे ठसे पुसूं देऊं नयेत. बर्मिंगहॅमचें बंदुका पारखण्याचें गृह १८१३ सालापासून आहे, आणि त्याचे ठसे म्हणजे त्या वस्तूची जन्मपत्रिकाच होय.

परंतु यापुढें एक अधिक अवघड जबाबदारी आहे. घासून काढण्याची क्रिया केवळ लांकडावर होत नाहीं. ती घरांतल्या आठवणींवरही होते. आमच्या घरीं ही बंदूक म्हणजे पणजोबांच्या शौर्याची खूण मानली जाई. तिच्याबरोबरचा जुना परवाना आम्हीं अलीकडे प्रथमच लक्ष देऊन वाचला. लिटनच्या कारकीर्दींत १८७८ सालीं झालेल्या हत्यारांच्या कायद्यानें एतद्देशीयांना परवान्यावांचून शस्त्र बाळगण्याची बंदी झाली, आणि युरोपियनांना त्यांतून सूट मिळाली. त्या काळांत मामलेदाराच्या हातीं आलेला परवाना हा सरकारच्या विश्वासाचा दाखला होता. म्हणजे शौर्याइतकीच ती राजनिष्ठेचीही खूण होती. शिवाय ती शस्त्रच आहे; तिनें मारलेल्या जनावरांची गणती कोणीं ठेवलेली नाहीं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तसली शिकार आपल्याकडे गुन्हा झाली. हें सर्व वाचल्यावर पणजोबांविषयींचें आमचें प्रेम कमी झालें नाहीं. तें अधिक डोळस झालें. पण हें डोळसपण यावयास परवान्याचा तो पिवळा पडलेला कागद शाबूत राहावा लागला. कोणी तो 'नव्यासारखा' केला असता तर तो आमच्याशीं काय बोलणार?

भावनिक मूल्य म्हणतात तें वस्तूंत असतें कीं आपल्यांत, हा वाद जुना आहे. आमचें उत्तर असें: तें दोहोंमधील स्पर्शांत असतें, आणि स्पर्शाला जागा लागते. वडिलांचा अंगठा त्या दिवशीं जी जागा शोधीत होता ती त्यांच्या वडिलांच्या अंगठ्यानें झिजविलेली होती. ती आम्हीं सपाट केली.

वडील आतां नाहींत. परवाना आमच्या नांवें झाला आहे. १९५९ च्या कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें वारशानें आलेलीं धरूनही कोणा एकाजवळ दोहोंपेक्षां अधिक बंदुका राहूं शकत नाहींत. आमच्याजवळ एकच असल्यानें तो प्रश्न नाहीं. गेलेलें लांकूड परत येणार नाहीं आणि नळ्यांवर पुन्हां कृत्रिम लाटा उठविणें हें दुसरें खोटें ठरेल. म्हणून आम्हीं एवढेंच केलें आहे: एका कागदावर बंदूक पूर्वी कशी दिसे, कोणत्या सालीं व कोणाच्या सांगण्यावरून तिच्यांत काय बदललें, मूठ कोठें झिजली होती, हें आठवेल तितकें लिहून तो कागद जुन्या परवान्याशेजारीं ठेवला आहे. आमच्या संपादनाखालची ती नागमोडी रेघ समजावी. गेल्या खंडेनवमीला फलालीचा तुकडा मात्र आम्हीं शोधून काढला आणि तेल लावलें.