मराठीतील स्थलवाचक शब्दांचा संयोग : शब्दजातींच्या चौकटीची समीक्षा

प्रस्तावना

स्थळ सांगणे ही भाषेची प्राथमिक गरज आहे. 'वर', 'खाली', 'आत', 'बाहेर', 'अलीकडे', 'पलीकडे' हे शब्द मूल शाळेत येण्यापूर्वीच आत्मसात करते. व्याकरणाच्या तासाला मात्र याच शब्दांपाशी विद्यार्थी अडखळतो. याचे कारण असे की, आपले व्याकरण या शब्दांची जात सांगून थांबते, तर व्यवहारात हे शब्द सहसा एकटे येत नाहीत. ते एकमेकांना, प्रत्ययांना आणि 'च', 'ही', 'सुद्धा' यांसारख्या लहान अव्ययांना जोडून येतात. इंग्रजीत 'अप देअर', 'राइट हिअर' अशा जोडण्या भाषा शिकवताना स्वतंत्रपणे शिकवाव्या लागतात. मराठीतही त्याच तोलाची व्यवस्था आहे, परंतु तिच्याकडे अध्यापनात पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

विवेचनासाठी उदाहरणे मांजरी परिसरातील घेतली आहेत. मुळा-मुठा नदीच्या दक्षिण तीरावर मांजरी बुद्रुक आणि उत्तर तीरावर मांजरी खुर्द अशी ही दोन गावे आहेत. बुद्रुकच्या दक्षिणेकडून सोलापूर रस्ता जातो, तर रस्ता आणि नदी यांच्यामधून पुणे-दौंड रेल्वेमार्ग जातो. मांजरी बुद्रुकचा 2021 मध्ये पुणे महानगरपालिकेत समावेश झाला. रस्ता, रूळ, गाव, नदी आणि पैलतीर अशी सरळ मांडणी असल्याने स्थलवाचक शब्दांच्या अभ्यासास हा परिसर सोयीचा आहे.

परंपरागत वर्गीकरण आणि त्याची मर्यादा

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' 1836 मध्ये, तर मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर आलेली आठ शब्दजातींची चौकट या परंपरेत स्थिरावली. पुढे अरविंद मंगरूळकर (1964) आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर (1987) यांनी मराठी व्याकरणातील रूढ कल्पनांचा मूलगामी पुनर्विचार केला. तरीही शालेय पुस्तके आणि स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके जुन्याच चौकटीवर उभी आहेत.

या चौकटीनुसार 'तो खाली बसला' यातील 'खाली' क्रियाविशेषण, तर 'तो झाडाखाली बसला' यातील 'खाली' शब्दयोगी अव्यय ठरते. नियम सुटसुटीत आहे. परंतु 'तो झाडाच्या खाली बसला' या वाक्यात तो डळमळतो. येथे 'खाली' सुटे लिहिले जाते, पण त्याचा संबंध झाडाशीच आहे. शब्दाची जात लेखनातील जागा सोडण्यावर ठरू लागली, तर ते व्याकरण राहत नाही, शुद्धलेखन होते.

शिवाय जोडून येणे आणि '-च्या' घेऊन सुटे येणे यांत अर्थाचा भेदही असू शकतो. 'पक्षी पुलावर बसला' यात स्पर्श आहे. 'पक्षी पुलाच्या वर घिरट्या घालतो' यात अंतर आहे. 'दौंडची गाडी मांजरीवरून जाते' यात तर उंचीचा संबंधच उरत नाही. 'वरून' हा मार्गवाचक होतो. तिन्ही ठिकाणी 'वर' आहे, पण अर्थ ठरतो तो संयोगाने. शब्दजातीचे नाव सांगून हा भेद उलगडत नाही.

संयोगाचे नियम

या जोडण्या स्वैर नाहीत. त्यांत निदान तीन नियम स्पष्ट दिसतात.

पहिला नियम क्रमाचा. मूळ स्थलशब्द, त्यानंतर '-ऊन', '-पर्यंत' यांसारखी दिशा किंवा मर्यादा आणि सर्वांत शेवटी 'च', 'ही', 'सुद्धा' असा क्रम असतो. 'वरूनच', 'आतपर्यंतही' ही रूपे होतात. 'वरचून' किंवा 'आतहीपर्यंत' असे कोणी म्हणत नाही. कोणत्याही पुस्तकात न वाचता हा नियम प्रत्येक मराठी भाषक पाळतो.

दुसरा नियम अर्थाचा. 'च' म्हणजे 'फक्त' असे सामान्यतः शिकवले जाते. 'मांजरी खुर्दच नदीपलीकडे आहे' या वाक्यात तो अर्थ बरोबर आहे. इतर गावे वगळली गेली. परंतु 'मांजरी खुर्द नदीपलीकडेच आहे' असे म्हणणारा मनुष्य बहुधा काही वगळत नसतो, ते गाव जवळ आहे एवढेच तो सांगतो. स्थलशब्दाला लागलेला 'च' असा सामीप्य किंवा नेमकेपणा दाखवू शकतो. 'राइट हिअर' मधील 'राइट' जे काम आधी येऊन करतो, तेच 'इथेच' मधला 'च' शेवटी येऊन करतो.

तिसरा नियम द्विरुक्तीचा. 'वरच्यावर', 'आतल्या आत', 'मागच्या मागे', 'इथल्या इथे' या प्रयोगांना वाक्प्रचार म्हणून स्वतंत्र यादीत टाकले जाते. वस्तुतः त्यांमागे एकच सूत्र आहे : क्रिया त्या स्थळाची सीमा ओलांडत नाही. चेंडू वरच्यावर झेलला, म्हणजे तो खाली आलाच नाही. मनुष्य मागच्या मागे पळाला, म्हणजे तो समोर आलाच नाही. आतल्या आत कुढणाऱ्याचे दुःख बाहेर पडत नाही. सूत्र सांगितले, तर पाठांतराची गरज बरीच कमी होते.

इंग्रजीच्या वर्गातील परिणाम

मातृभाषेतील ही व्यवस्था अज्ञात राहिल्याने तिचा फटका इंग्रजीच्या अध्ययनालाही बसतो. मराठीत 'तिकडे वर', 'इथे खाली' असा क्रम स्वाभाविक आहे. निर्देश आधी, दिशा नंतर. इंग्रजीत तो उलटा होऊन 'अप देअर', 'डाउन हिअर' असा येतो. विद्यार्थ्याने 'देअर अप' म्हटले, तर आपण चूक दुरुस्त करतो, पण ती कोठून आली हे सांगत नाही. 'रुळांच्या अलीकडे' यातील 'अलीकडे' हा बोलणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असणारा शब्द आहे. मांजरी बुद्रुकमध्ये उभे राहणाऱ्याला नदीपलीकडे असणारे खुर्द, खुर्दमध्ये गेल्यावर अलीकडे होते. इंग्रजीत यासाठी 'ऑन धिस साइड ऑफ' अशी शब्दरचना करावी लागते. दोन व्यवस्था शेजारी ठेवल्यास हा भेद एका तासात स्पष्ट होऊ शकतो.

औपचारिक मराठीतील ऱ्हास

याहून गंभीर बाब आपल्या औपचारिक लेखनाची आहे. सूचना, परिपत्रके आणि अहवाल यांतून 'येथे' आणि '-च्या ठिकाणी' हे दोन प्रयोग सर्व स्थलसंबंध गिळून टाकत आहेत. खडकवासला धरणातून मुठेत विसर्ग वाढला, की ते पाणी पुढे मुळा-मुठेतून मांजरीकडे येते. अशा वेळी 'पुलापर्यंत पाणी आले', 'पुलाला पाणी लागले', 'पुलावर पाणी आले' आणि 'पुलावरून पाणी वाहते आहे' ही चार वाक्ये धोक्याच्या चार पायऱ्या दाखवतात. 'पुलाच्या ठिकाणी पाण्याच्या पातळीत वाढ झाली आहे' असे लिहिले, की या चारही पायऱ्या पुसल्या जातात. पूल ओलांडावा की नाही, हे ऐकणाऱ्याला त्यावरून कळत नाही. तथाकथित प्रतिष्ठित भाषा येथे बोलीपेक्षा दरिद्री ठरते.

आठ शब्दजातींची चौकट अध्यापनाच्या सोयीसाठी आवश्यक आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. ती सोय नाकारण्याचे कारण नाही. परंतु वर्गीकरण हा अभ्यासाचा आरंभ आहे. विद्यार्थी 'खाली'ची जात ओळखून गुण मिळवतो आणि 'झाडावर' व 'झाडाच्या वर' यांतील भेद सांगू शकत नाही, तर त्या सोयीचे मोल तपासले पाहिजे.

निष्कर्ष

1. स्थलवाचक शब्दाचा अर्थ त्याच्या जातीपेक्षा त्याच्या संयोगाने अधिक निश्चित होतो.
2. हे संयोग क्रम, अर्थ आणि द्विरुक्ती यांच्या नियमांनी बांधलेले असून ते वर्गात शिकवण्याजोगे आहेत.
3. मराठी आणि इंग्रजी विभागांनी या विषयाचे तौलनिक अध्यापन संयुक्तपणे करावे.
4. महाविद्यालयीन सूचना व पत्रव्यवहार यांत 'येथे' आणि '-च्या ठिकाणी' यांऐवजी नेमका स्थलशब्द योजावा. ही सुधारणा अभ्यासमंडळाची वाट न पाहता, उद्याच्या सूचनाफलकापासून सुरू करता येईल.