सीमोल्लंघनाची पूर्वसूचना : एका पद्धतीची चिकित्सा

दसऱ्याचे सीमोल्लंघन मंगल मानले जाते. सी भाषेतील सीमोल्लंघनाच्या वाट्यास ते भाग्य आलेले नाही. या भाषेत शब्दमालेची लांबी कोठेही नोंदलेली नसते. अखेरच्या शून्य-अक्षरावरून ती ओळखावयाची. म्हणूनच 'स्ट्रकॉपी' ते शून्य भेटेपर्यंत अक्षरे उतरवीत जाते; समोरचा बफर केवढा आहे याची विचारपूस करीत नाही. १९८८ च्या मॉरिस वर्मने फिंगर सेवेतील ५१२ अक्षरांच्या बफरात याच मार्गाने शिरकाव केला. तेथे दोषी होते 'गेट्स'. ते प्रमाणित भाषेतून २०११ साली गेले.

कार्यक्रम चालविण्यापूर्वीच असे दोष हुडकण्याची एक पद्धती वॅग्नर, फॉस्टर, ब्रूअर व एकन यांनी २००० साली मांडली. प्रत्येक शब्दमाला म्हणजे दोन संख्या : राखलेली जागा आणि प्रत्यक्ष लांबी. दोहोंच्या संभाव्य मर्यादा काढावयाच्या आणि लांबी जागेहून अधिक होऊ शकते काय, ते पाहावयाचे. ही कल्पना देखणी आहे यात शंका नाही, आणि मोठमोठ्या कार्यक्रमांवर ती चालते हे तिचे खरे यश होय.

परंतु हा वेग विधानांचा क्रम दृष्टीआड करून मिळविलेला आहे. एखाद्याने आधी 'स्ट्रलेन'ने लांबी तपासली, ती २० हून कमी असल्याची खात्री केली, आणि मगच २० अक्षरांच्या बफरात नक्कल केली, तरीही इशारा येतोच. दक्ष आणि बेफिकीर या दोघांनाही एकच शिक्षा! सेंडमेलच्या ८.९.३ या आवृत्तीत ४४ इशारे मिळाले. त्यांपैकी खरे दोष ४. शंकास्पद अशी ६९५ स्थळे हाताने तपासण्यापेक्षा हे बरे, असे कर्त्यांचे म्हणणे. ते मान्य करणे प्राप्त आहे. तथापि त्याच बफराकडे निर्देश करणाऱ्या दुसऱ्या पॉइंटरद्वारे लिहिले गेल्यास मूळ शब्दमाला वाढल्याचे या पद्धतीस कळत नाही, आणि खरा दोष निसटतो. प्रस्तुत लेखकास फाजील इशाऱ्यांपेक्षा हे मौन अधिक चिंताजनक वाटते.

जीसीसीच्या 'फोर्टिफाय सोर्स'ची वृत्ती याच्या उलट. बफराचे आकारमान ठाऊक नसेल तर ते बोलतच नाही; ते ठाऊक असून मजकुराची लांबी अज्ञात असेल, तर तपासणी कार्यक्रम चालू असतानावर ढकलते, आणि मर्यादा ओलांडली जाताच कार्यक्रम बंद पाडते.