धड्यात राहून गेलेला रस्ता

मातीच्या धुपेवर आपण वर्गात जे शिकवतो त्यात एक खोट आहे. झाडे तोडली की माती वाहते, लावली की थांबते, एवढ्यावर धडा संपतो. तोडलेले लाकूड बाहेर कसे गेले, हे कुणी विचारत नाही. ते रस्त्याने जाते. आणि तोड थांबली तरी रस्ता उरतो.

ट्रकच्या चाकांखाली माती इतकी दाबली जाते की पाऊस तिच्यात फारसा मुरत नाही. चाकोऱ्यांचे ओहोळ होतात. उतार कापून काढलेला रस्ता तर जमिनीखालून झिरपणारे पाणीही उघड्यावर आणतो. सेलू तालुक्यातील शिक्षकांना हे दूरचे वाटू नये. बोरचे सागाचे जंगल १९७० साली अभयारण्य झाले, २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. त्याला लागूनच बोर धरण आहे. टेकड्यांवरून सुटलेली माती जाणार कुठे?

फाटक लावले की रस्ता बंद झाला, हा समजही अपुराच. गाडी थांबते, पाणी नाही. कॅलिफोर्नियातील रेडवुड राष्ट्रीय उद्यानात १९७८ नंतर जुने रस्ते उखडले, नाल्यांवरचे भराव काढले. १९९७ च्या वादळी पावसात तेथूनही माती गेली; मात्र न उखडलेल्या रस्त्यांपेक्षा बरीच कमी. आपल्याकडे अशाच वाटेने गावकरी तेंदूपाने, मोहफुले आणतात, वणवा विझवायला जातात. कोणती वाट राखायची, हे त्यांना विचारल्यावाचून ठरवू नये.

दोन्ही तोंडे उघडी असलेला डबा गाडीवाटेत रोवा, मग शेजारच्या गवतात. तांब्याभर पाणी ओता आणि मुलांना घड्याळ बघू द्या.