स्पाइक मिलिगन : चरित्र, पात्रे आणि भाषा

लेखकाचे जीवन आणि त्याची पात्रे यांच्या संबंधाचा विचार करताना आपल्याकडील प्रबंधांत एक ठरीव पद्धत आढळते. पहिल्या प्रकरणात जन्म, शिक्षण, नोकरी व आजार यांची नोंद. पुढील प्रकरणांत पात्रांचे विश्लेषण. आणि दोहोंना जोडण्यास 'प्रतिबिंब' हा एकच शब्द. अद्भुत वाङ्मयाच्या बाबतीत हा दुवा फारच दुबळा ठरतो, कारण तेथील पात्रे वास्तवाचे नियमच मानीत नाहीत. यासंबंधी विचार करण्याजोगे एक उदाहरण आपल्या जिल्ह्याशी जन्माने निगडित आहे.

इंग्रजी विनोदकार स्पाइक मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे झाला. वडील ब्रिटिश हिंदी सैन्यात असल्याने त्यांचे बालपण पुणे व रंगून येथे गेले. पुढे इंग्लंडात गेल्यावर दुसऱ्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. १९४४ च्या जानेवारीत इटलीत मोंते कासिनोच्या रणक्षेत्रात ते जखमी झाले. मनावर आघात झाला आणि त्यानंतर त्यांचा हुद्दाही कमी करण्यात आला. मानसिक व्याधीने २००२ मधील मृत्यूपर्यंत त्यांची पाठ सोडली नाही.

बीबीसीवर १९५१ ते १९६० या काळात झालेली 'द गून शो' ही त्यांची नभोनाट्यमाला होय. तीतील मेजर ब्लडनॉक हा हिंदुस्थानातील सैन्यात मुरलेला, भित्रा व पैसेखाऊ अधिकारी. एक्लस हा भोळा प्राणी. कागदावर कोणी लिहून दिलेली वेळ हीच खरी वेळ, असे तो मानतो. पहिला शौर्याची भाषा कृती लपविण्यासाठी वापरतो, तर दुसरा प्रत्येक शब्द अक्षरशः खरा धरतो. छावणीत वाढलेल्या आणि त्याच सैन्याने खाली उतरविलेल्या शिपायाने उक्ती व कृती यांतील जे अंतर अनुभवले, त्याचीच ही दोन टोके होत, असे मला वाटते. चरित्र येथे घटनेच्या रूपाने अवतरत नाही. भाषेकडे पाहण्याच्या वृत्तीच्या रूपाने अवतरते.

तथापि या उपपत्तीस मर्यादा आहेत. ब्लडनॉकचा आवाज पीटर सेलर्स यांचा. तेही युद्धकाळात हिंदुस्थानात होते आणि अधिकाऱ्यांच्या हुबेहूब नकला करीत. म्हणजे या पात्रात दोन आयुष्ये मिसळली आहेत. दुसरे असे की, याच मालेतील लालकाका व बॅनर्जी ही हिंदी पात्रे मात्र निर्जीव वाटतात. छावणीच्या व्हरांड्यातून ऐकलेल्या उच्चारांपलीकडे त्यांच्यापाशी काही नाही. बोलणाऱ्या माणसाचे मन तेथे पोहोचलेलेच नाही. बालपणीचा परिचय आहे, म्हणून पात्र जिवंत होतेच असे नाही. नगरच्या वाचकाने जन्मस्थानाचा अभिमान बाळगताना हे व्यंग झाकून ठेवू नये.

'पकून' (१९६३) या कादंबरीचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. आयर्लंडच्या फाळणीची सीमा एका खेड्याच्या स्मशानातून जाते आणि मृतांनाही पारपत्राची गरज पडते. स्वतः मिलिगन यांना नागरिकत्वाच्या वादात ब्रिटिश पारपत्र नाकारले गेले व १९६२ मध्ये ते आयरिश नागरिक झाले. येथे प्रतिबिंब शोधण्याचा मोह अनावर होतो. परंतु कादंबरीचे लेखन १९५८ मध्येच सुरू झाले होते. तेव्हा अमुक घटनेतून अमुक प्रसंग जन्मला, असे सरळ विधान करता येत नाही. उलट, याच कादंबरीतील डॅन मिलिगन हे लेखकाचे आडनाव धारण करणारे पात्र, आपल्याला असले पाय का दिले म्हणून लेखकाशीच भांडते. आपण लेखकाची छाया आहोत, हे त्यास मान्य नाही.

संशोधकाने या भांडणाची दखल घ्यावी. चरित्रातील घटना आणि पात्राची कृती यांचे केवळ साम्य दाखविणे हे समीक्षेचे कार्य नव्हे. पात्र कसे बोलते, शब्दावर किती विश्वास ठेवते, कोणापुढे भाषा बदलते, हे प्रथम पाहावे. मगच चरित्राकडे वळावे. त्या वाटेने चरित्रातील जे सापडेल तेवढेच प्रबंधात घ्यावे. उरलेले चरित्रकाराकडे सोपवावे.